समीकरणातला २ विसरू नका

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, मी केमिस्ट होतो. तिथे पाहिलेला हा प्रसंग नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो.

टाकीत १०,००० लिटर आम्लाचं पाणी होतं. टायट्रेशनवरून त्यात ४९ किलो सल्फ्युरिक आम्ल निघालं. रात्रपाळीच्या ट्रेनीने हिशेब केला: रेणुवस्तुमान ९८, म्हणजे ५०० मोल आम्ल, त्याला ५०० मोल कॉस्टिक सोडा, एक मोल ४० ग्रॅमचा, म्हणून २० किलो. आकडेमोडीत कुठेही चूक नाही. कॉस्टिक पडलं, ढवळून झालं, तरी पीएच दोनच्या खालीच. मीटरवर संशय घेतला, तर बफरमध्ये तो बरोबर दाखवत होता. मग घाबरून एक अख्खं पोतं टाकीत गेलं आणि सकाळी पीएच बाराच्या वर. बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या आत लागतो, म्हणून त्याच पाण्याचा पीएच उतरवायला आता आम्ल ओतावं लागलं.

समीकरण कोणी लिहिलंच नव्हतं. ते असं आहे:

सल्फ्युरिक आम्ल + २ कॉस्टिक सोडा → सोडियम सल्फेट + २ पाणी

आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून ५०० मोलला १००० मोल कॉस्टिक, म्हणजे ४० किलो. २० किलोत निम्मंच काम झालं होतं. म्हणून आधी संतुलित समीकरण लिहा, मग किलोचे मोल करा, समीकरणातल्या गुणोत्तराने दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा आणि शेवटी त्यांचे किलो करा. किलोवरून थेट किलोवर उडी मारू नका.

परीक्षेत गणित इथे संपतं, टाकीवर संपत नाही. ४० किलो हे शुद्ध कॉस्टिक झालं. हाताशी ४८ टक्क्यांची लाय, म्हणजे कॉस्टिकचं द्रावण, असेल तर ४० भागिले ०.४८, म्हणजे सुमारे ८३ किलो लागेल. कॉस्टिक फ्लेक्सचं पोतं उघडं राहिलं की ते ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतं. त्याची ताकद गृहीत धरू नका. आधी एक लिटर नमुन्यावर करून बघा. त्यात ४.९ ग्रॅम आम्ल आहे, म्हणजे ४ ग्रॅम कॉस्टिकच्या आसपास तो उदासीन व्हायला हवा. झाला नाही, तर टाकीला हात लावू नका. टाकीतही शेवटचा दहावा हिस्सा थांबून, ढवळून, पीएच बघत घाला. आणि गॉगल, हातमोजे घातल्याशिवाय कॉस्टिक उघडू नका. पाण्यात पडताच ते तापतं, डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते.

कॉस्टिकऐवजी विरवलेला चुना वापरला तर गुणोत्तर एकास एक. ५०० मोल चुना ३७ किलो भरतो, तो स्वस्तही पडतो. पण त्यातून ८६ किलो जिप्सम तयार होतं. थोडं पाण्यात विरघळून जातं, बाकीचा गाळ उपसून त्याची विल्हेवाट लावावी लागते. चुन्याचा खर्च ठरवताना हा गाळही त्याच समीकरणातून काढून वरिष्ठांपुढे ठेवा.