चुकांची वही : शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सर्वांची

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की अनेक शाळांत एक यादी लागते. वर्गातील दहा-पंधरा ‘हुशार’ मुले निवडली जातात, त्यांच्यासाठी सकाळचा जादा तास सुरू होतो आणि उरलेली मुले त्या वेळेत मैदानावर किंवा खोलीत असतात. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत मीही अशा याद्या केल्या आहेत. यादीत आपले नाव नाही हे पाहून मुकाट्याने मागे फिरणारी मुलेही पाहिली आहेत. परीक्षा होण्यापूर्वीच आपण त्यांना नापास ठरवीत होतो, हे मला फार उशिरा उमगले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलांना निदान आपल्या हातून तरी दाराबाहेर ठेवले जाऊ नये. म्हणून तयारी निवडक मुलांची न करता सर्वांची कशी करावी, याविषयी अनुभवाने सुचलेले काही येथे मांडतो.

परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा संपूर्ण राज्यात घेते. पूर्वी ती चौथी व सातवीसाठी होती. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून ती पाचवी व आठवीसाठी घेण्यात येऊ लागली. ती कोणत्या इयत्तेत द्यावयाची याचे निर्णय बदलतात, तयारीची रीत मात्र बदलत नाही. प्रश्नपत्रिका दोन असतात. पहिलीत प्रथम भाषेचे २५ व गणिताचे ५० प्रश्न. दुसरीत तृतीय भाषेचे २५ व बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे एकूण गुण ३००. प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी दीड तास मिळतो. एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ४० टक्के गुण लागतात आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीनुसार मिळते.

आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात व ते दोन्ही नोंदवावे लागतात. ही सूचना न वाचल्यामुळे येत असलेल्या उत्तराचे गुण जातात.

चुकांचे तीन प्रकार

पुष्कळ ठिकाणी तयारी म्हणजे सराव प्रश्नपत्रिकांचा मारा असतो. मूल पत्रिका सोडविते, गुरुजी गुण देतात, दुसऱ्या दिवशी नवी पत्रिका येते. चूक तेथेच राहते आणि पुढच्या पत्रिकेत पुन्हा भेटते. म्हणून प्रत्येक मुलाने एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात चुकलेला प्रश्न, आपण दिलेले उत्तर आणि ते का चुकले याचे एका वाक्यातील कारण लिहावे. महिनाभर अशी वही ठेवली की चुका तीन प्रकारच्या असतात हे मुलाच्याच ध्यानात येते.

पहिली चूक प्रश्नाच्या भाषेची. ‘अनुक्रमे’, ‘क्रमागत’, ‘किमान’, ‘वगळता’ हे शब्द आपल्या मुलांच्या घरच्या बोलीत नसतात. ‘दोन भावांची वये अनुक्रमे १२ व ८ वर्षे आहेत’ या वाक्यात मुलाला गणित अडत नाही, ‘अनुक्रमे’ अडतो. ‘पुढीलपैकी कोणते विधान चूक नाही?’ या प्रश्नातील ‘नाही’ घाईत निसटतो. असे शब्द वर्गाच्या भिंतीवर लावावेत, रोजच्या बोलण्यात वापरावेत. ज्या मुलाला आपण गणितात कच्चे समजत होतो, ते पुष्कळदा केवळ शब्दाशी अडलेले असते.

दुसरी चूक संकल्पनेची. ०.५ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारल्यास अनेक मुले ०.२५ सांगतात, कारण २५ हे ५ पेक्षा मोठे. येथे नियम पाठ करून घेण्यापेक्षा मुलाच्या हाती एक मीटर दोरी द्यावी. तिचा अर्धा भाग आणि पाव भाग मोजून शेजारी ठेवला की शंका उरत नाही. दुसरे उदाहरण रांगेचे. ‘मीना डावीकडून १२ वी व उजवीकडून १५ वी आहे, तर रांगेत एकूण मुली किती?’ मुले २७ सांगतात. सायंवंदनेच्या रांगेतच हे करून पाहावे. दोन्ही बाजूंनी मोजताना मीना दोनदा मोजली गेली हे मुलींना दिसते आणि उत्तर २६ येते. मग ते सूत्र म्हणून पाठ करावे लागत नाही.

तिसरी चूक घाईची. उत्तर ठाऊक असते, पण उत्तरपत्रिकेत एक प्रश्न सुटतो आणि पुढची सर्व वर्तुळे एका घराने सरकतात. म्हणून सरावही खऱ्यासारख्या उत्तरपत्रिकेवरच व्हावा. दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नक्रमांक व वर्तुळाचा क्रमांक जुळतो का, ते पाहण्याची सवय लावावी. सोपे प्रश्न आधी सोडवावेत, अवघड प्रश्नावर खूण करून पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणून शेवटी कोणताही प्रश्न रिकामा ठेवू नये.

केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी सांगितले होते की, गुरू सांगतात एवढ्याच कारणाने कोणतीही गोष्ट मान्य करू नका. उत्तर तपासतानाही हाच विवेक हवा. ‘बरोबर पर्याय तिसरा’ एवढे सांगून थांबू नये. तिसराच का आणि उरलेले तीन का नाहीत, हे मुलाकडून वदवून घ्यावे.

पालक व माजी विद्यार्थी

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?’ असे पालक विचारतात. आई-बाबांनी प्रश्न सोडवावा लागत नाही. ‘हे तू कसे केलेस ते मला समजावून सांग’ एवढेच म्हणावे आणि ऐकावे. दुसऱ्याला समजावताना मुलाला आपलीच चूक सापडते. सुटीत घरी आलेल्या मुलाला शेजारच्या मुलाचे गुण ऐकवू नयेत. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला वेळेवर झोपू द्यावे.

माजी विद्यार्थ्यांनी कागदपत्रांचे काम उचलावे. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची परीक्षाही असते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे लागते. शासकीय निवासी शाळा, नवोदय व केंद्रीय विद्यालये आणि विनाअनुदानित खासगी शाळा यांतील विद्यार्थ्यांना मात्र तिचा लाभ घेता येत नाही. म्हणून अर्जापूर्वी मुख्याध्यापकांकडून पात्रतेची खात्री करावी. तहसील कार्यालयातील उत्पन्नाचा दाखला वेळेत न निघाल्याने मुलाची संधी जाऊ नये. या कामी एका शिकलेल्या माणसाची एक सकाळ पुरते.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूने अतिश्रमाने चंक्रमण करीत पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि तो निराश झाला. गृहस्थजीवनात तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडली तर? मुलांच्या अभ्यासालाही हाच न्याय लागू आहे. पहाटे चारला उठवून रात्री अकरापर्यंत बसविणे म्हणजे अप्रमाद नव्हे. सकाळी दहा मिनिटे आनापान, नंतर एक तास एकाग्र अभ्यास, सायंकाळी खेळ आणि झोपण्यापूर्वी चुकांच्या वहीचे एक पान, एवढे नियमाने झाले तरी पुरे.

निकाल लागतो तेव्हा काही नावे यादीत येतात, पुष्कळ येत नाहीत. ज्यांची आली त्यांचे अभिनंदन व्हावेच. ज्यांची आली नाहीत त्यांच्या हातीही ती वही असते. आपली चूक स्वतः शोधावी, तिचे कारण जाणावे आणि ती दुरुस्त करावी, हे त्या वहीने त्यांना शिकविलेले असते. दहावीच्या वर्गात आणि पुढे संसारातही त्यांना तेच उपयोगी पडते. म्हणून येत्या वर्षी सकाळच्या तासाला यादी न लावता संपूर्ण वर्ग बसावा, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती.

नमो बुद्धाय. जयभीम.