दोन टेबलांचं जीएसटी ऑफिस : नांदेड-लातूरमध्ये सेवा व्यवसाय करताना लागणारे सहा धडे



"धंदा करायचाय, पण माल भरायला भांडवल नाही," असं म्हणणारे दोन-चार जण प्रत्येक बॅचमध्ये असतातच. त्यांच्यासाठी आजचा धडा. विषय आहे जीएसटी आणि हिशोबाचं काम. इथं गोडाऊन लागत नाही. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि इंटरनेट, झालं ऑफिस सुरू.

पण एक फरक आधी समजून घ्या. किराणा दुकानात खराब माल गेला तर गिऱ्हाईक तो परत आणून देतं. इथं तारीख तुम्ही चुकवली तर दंड गिऱ्हाईकाच्या खिशातून जातो. म्हणून हा धंदा विश्वासावरच चालतो.

१. आधी पात्रता, मग बोर्ड

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्यातल्या नियम ८३ प्रमाणे जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. कॉमर्स, लॉ, बँकिंग किंवा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी चालते. म्हणजे बी.कॉम.वाल्यांसोबत आपण बीबीएवालेही पात्र आहोत. पोर्टलवर पीसीटी-०१ फॉर्म भरायचा आणि नंतर 'नासिन' या केंद्र सरकारच्या अकादमीची परीक्षा पास व्हायची. पासिंग ५० टक्क्यांना आहे.

बोर्डावर जेवढे आहोत तेवढंच लिहा. टॅक्स ऑडिटवर सही सी.ए.चीच लागते. तसं काम आलं की सरळ ओळखीच्या सी.ए.कडे पाठवा. चांगला सी.ए. हा तुमचा स्पर्धक नाही, आधार आहे. अडलेल्या प्रश्नाला तोच कामी येतो.

२. आपली गल्ली निवडा

लातूरची गंजगोलाई पाहिली असेल. मधे गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. सराफा एकीकडे, कापड एकीकडे. गिऱ्हाईकाला विचारावं लागत नाही, पाय आपोआप त्या गल्लीकडे वळतात.

सेवा व्यवसायातही असंच करा. "सर्व प्रकारची कामे केली जातील" हा बोर्ड कुणाच्या लक्षात राहत नाही. नांदेडात असाल तर गुरुद्वारा परिसरातली हॉटेलं-लॉज घ्या, नाहीतर मेडिकल दुकानं घ्या, नाहीतर मोंढ्यातले आडते. एकाच व्यवसायाची दहा दुकानं हातात आली की त्यांची बिलं, त्यांची भाषा, त्यांचे नेहमीचे घोळ तुम्हाला पाठ होतात. आडत्याशी बोलताना हमाली, तोलाई, पट्टी हे शब्द समजले पाहिजेत. समजले की तो म्हणतो, "ह्याला आपला धंदा कळतो."

आणि हंगाम पाळा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक जोरात असते, तेव्हा मोंढ्यात ओळख काढायला जाऊ नका. तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. आवक ओसरली की जा.

३. फी हिशोबानं ठरवा, शेजाऱ्याकडं बघून नको

समजा, भाडं ६,००० रुपये, मदतनीस ९,०००, लाईट-इंटरनेट १,५००, स्टेशनरी-सॉफ्टवेअर १,५००. झाले १८,०००. घरी २५,००० न्यायचे. एकूण ४३,००० रुपये.

महिना ७०० रुपये फी घेतली तर ६२ गिऱ्हाईकं लागतात. शेजाऱ्यापेक्षा स्वस्त म्हणून ५०० घेतली तर ८६. एका गिऱ्हाईकाला महिन्यात ३ तास धरले, तर ६२ जणांचे १८६ तास आणि ८६ जणांचे २५८ तास. हे जादा ७२ तास कुठून आणणार? ते शेवटी तपासणीच्या वेळेतून कापले जातात आणि चूक तिथंच होते.

"भाऊ, नुसतं बटन तर दाबायचंय, त्याचे एवढे पैसे?" हे ऐकावं लागणारच. चिडू नका. महिन्यात काय काय करतो ते एका कागदावर लिहून हातात द्या.

४. तारखांची वही आणि ओटीपी

महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३-बी ची २०. कर असलेलं ३-बी उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. सलग सहा महिने रिटर्न नाही गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. मग त्या दुकानदाराला धड बिल फाडता येत नाही.

म्हणून ५ तारखेपर्यंत बिलं आलीच पाहिजेत, हा नियम पहिल्या दिवशी सांगा. ७ तारखेला उरलेल्यांना फोन करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नोंदणी करताना मोबाईल आणि ईमेल गिऱ्हाईकाचाच टाका. आपला नंबर टाकून त्याला बांधून ठेवणारे लोक बाजारात आहेत. उद्या तो सोडून जातो म्हणाला, तर सगळे पासवर्ड आणि कागद त्याच दिवशी द्या. असा गेलेला माणूस बाहेर तुमचं नाव खराब करत नाही, आणि कधी कधी परतही येतो.

५. मार्केटिंग : थोडं, पण दर महिन्याला

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. खरा फोटो, खरी वेळ आणि चौकाचं नाव टाका. काम झालं की रिव्ह्यू मागा, पण त्यासाठी सूट देऊ नका, गुगलला ते चालत नाही.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पहिल्या भेटीतच नंबर सेव्ह करून घ्या. महिन्यात दोनच मेसेज पाठवा, तेही कामाचे. उदाहरणार्थ, उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, हे स्वतःहून सांगा. तुम्ही फॉर्म भरून देण्याची मजुरी घेत असाल तर ती मजुरी म्हणूनच घ्या, सरकारी फी म्हणून नको.

६. उधारीला हद्द

आपल्याकडं ओळख जुनी की उधारी ठरलेली. "पुढच्या महिन्यात एकदमच देतो" म्हणणाऱ्या काकांना नाही म्हणणं जड जातं. पण दहा जणांनी तीन-तीन महिने थकवले तर ७०० च्या हिशोबानं २१,००० रुपये अडकतात, म्हणजे महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त. फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या. थकलीच तर काम थांबवायच्या आधी लेखी कळवा. ऐन १९ तारखेला अडवणूक करू नका.

आजचा गृहपाठ : एका पानावर तुमचा महिन्याचा खर्च, तुमची फी आणि लागणारे तास मांडा. त्याखाली तुमची 'गल्ली' एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल, तर बोर्ड बनवायला अजून देऊ नका. आधी मोंढ्यात, बाजारात चार दिवस फिरून या.