पानांची माघार

'माघार' हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. कॅडेटला तर तो ऐकायलाही आवडत नाही. पण हिमालयातला भूर्जवृक्ष दर शरदात माघार घेतो, आणि ती ज्या शिस्तीने घेतो ती अभ्यास करण्याजोगी आहे. गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे अकरावीचे बारा कॅडेट गंगोत्री ते गोमुख या वाटेवर पदभ्रमणाला गेले होते. जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मी त्यांच्याबरोबर होतो.

वाट आणि उंची

गंगोत्री सुमारे 3100 मीटर उंचीवर आहे. तिथून 9 किलोमीटरवर चिरबासा, उंची सुमारे 3600 मीटर. 14 किलोमीटरवर भोजबासा, सुमारे 3800 मीटर, आणि 18 किलोमीटरवर गोमुख. वाट भागीरथीच्या उजव्या काठाने, उन्हाच्या उतारावरून जाते. समोरचा उतार उत्तरेकडे तोंड करून असल्याने सावलीत आणि ओलसर राहतो. भूर्जाला तोच मानवतो.

दर 1000 मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे भोजबासा गंगोत्रीपेक्षा चार-साडेचार अंशांनी गार. म्हणून इथली पानगळ वरून खाली उतरत येते. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या उतारावर सर्वांत वर भूर्जाच्या नुसत्या पांढुरक्या फांद्या होत्या, त्याखाली पिवळाधमक पट्टा आणि त्याहून खाली अजून हिरवी पाने. मधूनमधून दारुहळदीच्या काटेरी झुडपांचा लाल रंग. देवदार आणि पाइन मात्र होते तसेच हिरवेगार.

भोजबासा म्हणजे भूर्जांचे ठिकाण. सरपणासाठी झालेल्या तोडीमुळे तिथे भूर्ज फार विरळ झाले. 1981 साली नंदादेवीचे शिखर गाठलेल्या डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी पुढे याच भागात भूर्जाची पुन्हा लागवड करण्यासाठी अनेक वर्षे काम केले.

पानाच्या आत काय घडते

सह्याद्रीत आपण पानगळ पाहतो ती बहुतेक हिवाळा सरताना. तिथे कारण असते पाण्याची टंचाई. इथे कारण थंडी. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पातळ, रुंद पान हिमात टिकत नाही.

पानातले सर्वांत मोलाचे द्रव्य म्हणजे नत्र. झाड आधी हरितद्रव्य मोडते आणि नत्राचा मोठा भाग, साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक, फांद्यांत आणि खोडात परत ओढून घेते. हिरवा रंग गेला की पानात पहिल्यापासून असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. भूर्जाचा पिवळा रंग तो हाच. दारुहळदीचा लाल रंग वेगळा. स्वच्छ ऊन आणि गार रात्री मिळाल्या की पानातल्या साखरेपासून अँथोसायनिन नव्याने तयार होते. शेवटी देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार होऊन जोड सुटतो, जखम आधीच बुजलेली असते आणि पान गळते. पुढच्या वसंतातल्या कळ्या तोवर फांदीवर तयार असतात.

हे सारे कडाक्याच्या हिमाआधी उरकावे लागते. उशीर झाला तर पाने जागीच करपतात आणि त्यांतले नत्र वाया जाते.

चिरबासाहून परत

गंगोत्रीला दोन मुक्काम करून तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. चिरबासाला विसाव्यासाठी थांबलो तेव्हा एका कॅडेटने माझ्याजवळ येऊन सांगितले, "सर, माझ्या जोडीदाराचं सकाळपासून डोकं दुखतंय. त्याने डबाही उघडला नाही. मला सांगू नकोस म्हणाला होता." जोडीदार म्हणजे आमच्या तुकडीतला सर्वांत दमदार धावपटू. विचारल्यावर त्याने आधी नाकारले, मग मान्य केले. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली.

विरळ हवेच्या त्रासाची ही लक्षणे. यात वर जायचे नसते, आणि त्रास वाढत असेल तर खाली उतरायचे असते. दमदारपणा इथे कामी येत नाही. दुसऱ्या प्रशिक्षकांबरोबर दहा जण पुढे गेले. तो, त्याचा जोडीदार, एक स्थानिक पोर्टर आणि मी परत फिरलो. खरे बोलणाऱ्या मुलाचेही गोमुख हुकले, कारण जोडी तोडायची नाही हा आमचा नियम आहे.

पहिला तासभर धावपटू एक शब्द बोलला नाही. मग समोरच्या पिवळ्या पट्ट्याकडे पाहत त्याने विचारले, "सर, झाडाला कसं कळतं, कधी थांबायचं ते?"

मी सांगितले, दिवसाच्या लांबीवरून. पानांतले फायटोक्रोम नावाचे द्रव्य रात्र किती लांबली ते ओळखते. गंगोत्री जवळजवळ 31 अंश उत्तरेला आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा असतो, इथे सुमारे 10 तासांचा. थंडी एखाद्या वर्षी उशिरा येते, पण दिवस ठरल्या वेळीच लहान होतो. झाड या इशाऱ्यावर तयारीला लागते आणि गारठा तिला वेग देतो.

"म्हणजे त्रास व्हायच्या आधीच?" जोडीदाराने विचारले. धावपटूने त्याच्याकडे पाहिले आणि पाण्याची बाटली मागितली. गंगोत्रीला पोचेपर्यंत त्याचे डोके बरेच उतरले होते. रात्री दोघे शेजारी बसून वरणभात जेवले.

पुढच्या तुकडीसाठी

तुमच्या वहीत चार रकाने आखा: उंची, उताराची दिशा, झाड, रंग. दर 100 मीटर चढल्यावर एक नोंद करा. पाचवा रकाना जोडीदारासाठी ठेवा: डोके, भूक, झोप. तो तुम्ही त्याचा भरायचा आणि त्याने तुमचा. दर मुक्कामी पाचवा रकाना मी आधी तपासणार आहे, मग बाकीचे चार.