चुकांची वही कोरी पडते तेव्हा

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं प्रसूतिकक्षाची इन्चार्ज सिस्टर होते. डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिकक्ष सुधारण्याचा सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला आणि तपासणी, गुण, पुन्हा तपासणी हे आमचं कायमचंच झालं. त्याबद्दल तक्रार नाही. प्रसूतिकक्ष सुधारले, हे खरंच.

पुढे एका प्रकल्पात ‘थोडक्यात टळलेल्या चुका’ लिहायची वही आली. रात्रपाळीच्या एका सिस्टरने तीत सरळ लिहिलं: बाळाला व्हिटॅमिन के द्यायचं होतं, हातात आईचं मेथर्जिन आलं, सिरिंज भरण्याआधी नाव वाचलं म्हणून निभावलं. दोन्ही अँप्यूल इवलेसे, दोन्ही प्रसूतीनंतर लगेच लागणारे. ही गफलत जगभर झालेली आहे, आणि मेथर्जिनने नवजात बाळाचा श्वास थांबू शकतो. नियमाने बाळाचा ट्रे वेगळा हवा. आमच्याकडे तो भिंतीवरच्या तक्त्यात वेगळा होता. रात्रीच्या घाईत एकाच ट्रेवर भागायचं.

मासिक बैठकीत ती नोंद नावासकट वाचली गेली. सिस्टरला मेमो मिळाला. पुढच्या महिन्यापासून वही कोरी! वर्षअखेरीच्या पोस्टरवर छापून आलं, चुका शून्यावर. ट्रे तसाच होता.

सुधारणेचा फायदा एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, हे मोठ्या अभ्यासांतही घडतं. आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूच्या तपासणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटात ६४. त्या आकड्यांचा उपयोग जगाला झाला. तपासणीविना ठेवलेल्या बायकांचं काय, यावर मात्र पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

उलट टोकही आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांनी हात धुण्यासारख्या पाच गोष्टींची यादी पाळून रक्तातला संसर्ग कमी केला. २००७ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयाने संमती घेतली नाही म्हणून हरकत घेतली आणि ओरड झाल्यावर २००८ मध्ये ती सोडली. बरं केलं. हात धुवायला कसलं संमतिपत्र?

हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे आता प्रकल्प वाढतील. ते करणाऱ्यांना माझं सांगणं असं: ‘हे संशोधन नाही, सुधारणा आहे’ हे आपलं आपणच ठरवू नका. केसपेपर गोळा करण्याआधी नैतिकता समितीकडे जा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सूट मिळू शकते, पण ती समितीने द्यायची असते. बाईचं नाव, मोबाईल नंबर, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, ‘आधी-नंतर’ दाखवायलासुद्धा नाही. चुकीचं औषध गेलंच, तर आईला आणि घरच्यांना त्याच दिवशी, त्यांना समजेल असं सांगा. त्यांना ते बाहेरून कळलं की पुढचं काहीच आपल्या हातात राहत नाही.

आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती, चुकांच्या वहीत लिहिणाऱ्याचं नाव मागू नका. त्या वहीवरून कुणालाही मेमो निघणार नाही, हे पहिल्याच बैठकीत लेखी द्या.