सासऱ्यांचं दही आणि फ्लूची लस

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं वय ७९. पावसाळा लागला की फ्लू त्यांना गाठतोच. एक शेजारी म्हणतात, रोज वाटीभर दही किंवा प्रोबायोटिकची कॅप्सूल द्या, मग लसही नको. दुसरे म्हणतात, दह्यानेच सर्दी होते. खरं कोणाचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या शेजाऱ्यांची शंका आधी फेडू. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, दह्यामुळे नाही. गार दह्याने घसा धरत असेल, तर फ्रिजमधून आधीच काढून ठेवा.

पहिल्यांच्या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. शरीरातल्या संरक्षक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या अस्तरात असतो. तिथे उपयुक्त जिवाणू पोचले, तर या पेशी अधिक सावध राहतील आणि त्याचा फायदा श्वसनमार्गालाही होईल, असा तर्क आहे. म्हातारपणी अशा मदतीची गरजही जास्त. छातीतली थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते, त्यामुळे नव्या विषाणूला ओळखणाऱ्या ताज्या टी-पेशी कमी पडतात. याच कारणाने लसही ज्येष्ठांमध्ये कमी जोमाने काम करते. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्यांसाठी चौपट मात्रेची फ्लूची लस मिळते, ती यामुळेच.

पण तर्क पटला म्हणून गुण येतोच असं नाही. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या मंडळींना लॅक्टोबॅसिलस केसी असलेलं आंबवलेलं दूध दिलं, तेव्हा फ्लूच्या लसीनंतर प्रतिपिंडं अधिक वाढली. बेल्जियममधल्या वृद्धाश्रमांत केसीचाच दुसरा वाण देऊन पाहिला, तर श्वसनाच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत. इंग्लंड आणि वेल्समधल्या ३१० वृद्धाश्रमवासीयांची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय ८५. काहींना वर्षभरापर्यंत रोज प्रोबायोटिकची कॅप्सूल, बाकीच्यांना हुबेहूब तशीच पण जिवाणू नसलेली. मोजले ते कोणत्याही संसर्गासाठी अँटिबायोटिक घ्यावं लागलं ते दिवस. दोन्ही गटांत ते जवळजवळ सारखेच भरले. थकलेल्या ज्येष्ठांसाठी मला हा निकाल सर्वांत वजनदार वाटतो.

शिवाय गुण येतो तो विशिष्ट वाणाचा, ठरावीक मात्रेत. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घरागणिक बदलतं, आणि कढीला उकळी आली की त्यातले बहुतेक मरतातच. तरी दही जरूर द्या. दात नसले तरी खाता येतं, प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं. कॅप्सूल मात्र विचारून. कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर हे जिवाणू क्वचित रक्तात शिरून त्रास देतात.

तेव्हा दही जेवणासाठी, लस फ्लूसाठी. डॉक्टरांना विचारून ती दरवर्षी पावसाळ्याआधी द्या. आणि एक लक्षात ठेवा : या वयात फ्लूमध्ये ताप चढतोच असं नाही. सासऱ्यांचं जेवण तुटलं, ते असंबद्ध बोलू लागले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.