भित्र्या गिनीपिगास जमिनीवर रुळविणें

गाई-म्हशी सोडून गिनीपिगाविषयीं काय लिहितां, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु मुलांच्या हौसेसाठीं हा प्राणी शेतकऱ्यांच्या घरींही येतो, आणि दावणीच्या जनावराची नाडी अचूक ओळखणारा मनुष्यही याच्या बाबतींत फसतो, असें आमच्या पाहण्यांत आहे. पिंजऱ्यांत सुखानें खाणारा प्राणी मोकळ्या जमिनीवर ठेवतांच थिजून बसतो. मग ‘हा भित्राच निपजला’ असें म्हणून त्यास कायमचें कोंडून ठेवितात. ही गोष्ट केवळ करमणुकीची नव्हे. याचें पोट सतत चालू असावें लागतें. भीतीनें किंवा दुखण्यानें एक दिवसभर जरी खाणें सुटलें तरी जिवावर बेततें.

नांवांत ‘पिग’ असलें तरी हा डुक्कर नव्हे, व गिनी देशाचाही नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील आंडीज पर्वतांत हजारों वर्षांपासून लोक त्यास मांसासाठीं पाळीत आले आहेत. क्वेचुआ भाषेंतील त्याचें ‘कुई’ हें नांव त्याच्या ओरडण्यावरूनच पडलें असें म्हणतात. पेरू देशांतील डोंगरी खेड्यांत कित्येक घरीं तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा हिंडतो. परंतु हिंडतो तो भिंतीच्या कडेनें व चुलीच्या आडोशानें. यांतच सर्व मर्म आहे. त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतांत राहतात, आणि ये-जा करून गवताखालीं पडलेल्या ठराविक वाटांनींच धांवतात. डोक्यावर आडोसा नाहीं अशी जागा म्हणजे शिकारी पक्ष्याची धाड. आपली गुळगुळीत फरशी त्याला उघडें माळरानच वाटणार!

त्यांतून तो निश्चल बसला म्हणजे ‘किती शांत आहे’ असें समजून मुलें त्यास कुरवाळूं लागतात. डोळे विस्फारलेले, अंग आखडलेलें आणि समोरच्या कोथिंबिरीस तोंड नाहीं, ही शांतता नसून भीतीची परमावधि होय. अशा वेळीं हात लावूं नये. खरोखर निर्धास्त झालेला प्राणी खातो, अंग लांब करून मागील पाय पसरतो, आणि आनंद झाला म्हणजे जागच्या जागीं उड्या मारतो.

बाजारांतून आणलेल्या नव्या बैलास आपण त्याच दिवशीं नांगरास जुंपीत नाहीं. येथेंही तोच न्याय. पहिला आठवडाभर पिंजऱ्यांतच ठेवून हातानें चारा घेण्याची संवय लावावी. नंतर खोलीचा एक कोपरा, चार-पांच हात लांबीरुंदीचा, फळ्यांनीं अडवावा व पाय घसरूं नयेत म्हणून जुनी सतरंजी अंथरावी. भिंतीलगत खोकीं अथवा पालथ्या टोपल्या अशा मांडाव्या कीं, एका आडोशांतून दुसऱ्यांत दोन ढांगांत जातां येईल. प्रत्येकास दोन तोंडें असावींत. एकाच तोंडाच्या जागेंत दुबळा प्राणी कोंडला जातो. मग पिंजरा तेथेंच जमिनीवर ठेवून दार उघडावें आणि आपण बाजूस स्वस्थ बसावें. उचलून मधोमध ठेवणें ही सर्वांत मोठी चूक होय, कारण वरून येणारा हात त्यास घारीसारखाच भासतो.

पहिल्या दिवशीं पंधरा मिनिटें पुरेत. तो बाहेर न आला तरी तो दिवस वाया गेला असें समजूं नये. रोज तीच जागा व तीच वेळ ठेवावी. मांडणी एकदम बदलूं नये. कोणी चार दिवसांत धीट होतो, कोणास महिनाही लागतो. जोडीस धीट सोबती असल्यास काम फार लवकर होतें. मात्र नर-मादी एकत्र ठेवूं नयेत, कारण व्यालेली मादी त्याच दिवशीं पुन्हां गाभण राहूं शकते.

आमिष म्हणून ढोबळ्या मिरचीचा तुकडा उत्तम. मनुष्याप्रमाणेंच या प्राण्याचें शरीर ‘क’ जीवनसत्त्व तयार करूं शकत नाहीं, तें त्यांतून मिळतें. वाळलेलें गवत मात्र सदैव समोर हवेंच. लसूणघास घरचा आहे म्हणून भरमसाट घालूं नये. त्यांतील चुन्यामुळें मोठ्या प्राण्यास मूतखडा होण्याचा संभव असतो.

हा थंड डोंगराचा रहिवासी असल्यानें आपला उन्हाळा त्यास सोसत नाहीं. वैशाखांत पहांटे किंवा सूर्यास्तानंतरच सोडावें. एरव्हींही त्या वेळीं तो अधिक चपळ असतो. विजेच्या तारा उचलून घ्याव्या, कारण तो दिसेल तें कुरतडतो. मांजर कितीही गरीब असो, तें खोलीबाहेरच असावें.

परत नेतांना मागें धांवून पकडल्यास आठवड्याची कमाई एका क्षणांत जाते. चारा ठेवून त्यास खोक्यांत येऊं द्यावें, दोन्ही तोंडें हातांनीं झांकावीं व खोकेंच उचलून पिंजऱ्यांत न्यावें.