गवताची कापणी : वजन की कस?

रायपूरच्या गुढियारीसारख्या शहरी वस्तीत जनावर पाळणाऱ्याला स्वतःची वैरण पिकविता येत नाही. ती विकत घ्यावी लागते. छत्तीसगडच्या भातपट्ट्यात वैरण म्हणजे प्रामुख्याने भाताचा पेंढा, तिकडच्या बोलीत ‘पैरा’. त्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. ही उणीव महागड्या पेंडीने भरून काढावी लागते. म्हणूनच हिरव्या गवताचा प्रश्न दुधाच्या उत्पादनखर्चाशी थेट निगडित आहे.

गवत वाढते तसे त्याचे वजन वाढते. परंतु पानांचे प्रमाण घटून खोड जून होते, तंतू वाढतात आणि पचनीयता उतरते. समजा, हेक्टरी ४० क्विंटल शुष्क चाऱ्यात ९ टक्के प्रथिने आहेत. कापणी लांबविल्यावर चारा ६० क्विंटल झाला, पण प्रथिने ५ टक्क्यांवर आली. पहिल्या वेळी ३.६ क्विंटल प्रथिने मिळाली असती, दुसऱ्या वेळी ३ क्विंटलच मिळतात. वजन दीडपट होऊनही पोषण घटले! बाजारात मात्र गवत वजनावर किंवा पेंढीवर विकले जाते, कसावर नव्हे. त्यामुळे विकणाऱ्याला थांबणेच परवडते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘फुले जयवंत’सारख्या संकरित नेपिअरची पहिली कापणी साधारण नऊ-दहा आठवड्यांनी व पुढच्या कापण्या सहा ते आठ आठवड्यांनी करतात. प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र द्यावयाचे, तर ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र सुमारे २०.७ किलोच असते. म्हणजे सव्वा गोणी लागते. अनुदानित गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळत असल्याने हात सैल सुटण्याचा मोह होतो. तथापि नत्रासोबत ओलावा व स्फुरद नसेल तर त्याचा पुरेपूर लाभ मिळत नाही. अतिरेक झाल्यास, विशेषतः पावसाचा ताण पडल्यावर, चाऱ्यात नायट्रेट साचून जनावरांना विषबाधा होऊ शकते. शिवाय नत्राने वाढलेली प्रथिने उशिराच्या कापणीत पुन्हा गमावली जातात.

नैसर्गिक कुरणांत अडचण निराळी आहे. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते फुलोऱ्यात कापावीत, हे शेतकऱ्याला ठाऊक नसते असे नाही. कुसळीचे टोकदार बी जनावराच्या तोंडाला टोचते, हे तर गुराखीही जाणतो. परंतु गवत फुलोऱ्यात येते त्याच सुमारास भात-सोयाबीनची काढणी असते, मजूर मिळत नाहीत आणि परतीच्या पावसात गवत वाळत नाही. ओल्या चाऱ्याचा मुरघास करता येतो, पण कोरडवाहू कुरणाच्या तुटपुंज्या उत्पन्नावर खड्डा व कुट्टीयंत्राचा खर्च एकट्या कुटुंबाला पेलत नाही. तेथे कुरणात स्टायलोसारखे द्विदल पेरणे अधिक स्वस्त पडते. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात आणि कापणी थोडी लांबली तरी वैरणीत प्रथिने टिकून राहतात.